हप्ता आलाच नाही, तरी आला म्हणून तिला सांगू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात आणि ओळख पटेल असे तपशील वगळून: धायरीत राहणारे ४१ वर्षांचे एक गृहस्थ लिहितात. चाकणला कारखान्यात शिफ्टची नोकरी आहे, सुट्टी गुरुवारी. धाकटी बहीण ३६ वर्षांची, अविवाहित. विशीत रातांधळेपणाने सुरुवात झाली आणि नजर कमी होत गेली. आज कार्डावर ७० टक्के दृष्टिदोष आहे. बहीण आणि आई त्याच इमारतीत खालच्या खोलीत राहतात, त्यांचं रेशनकार्ड वेगळं आहे. बहीण फुलवाती करून विकते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा तिचा हप्ता १५०० वरून २५०० झाला, वाढीव रक्कम एकदा आली आणि नंतर पाच महिने काहीच नाही. तहसीलात सांगतात, "पैसे गेलेत, बँकेत बघा." बँकेत सांगतात, "आलेच नाहीत, तहसीलात विचारा." ऑनलाइन पाहायला गेलं तर ओटीपी येतो भावाच्या फोनवर, आणि कारखान्यात कामाच्या जागी फोन नेता येत नाही. एका एजंटाने "३००० द्या, शनिवारपर्यंत चालू करून देतो" असं सांगितलं आहे. पत्नी म्हणते, खाडे करून फेऱ्या मारण्यापेक्षा तेवढे पैसे आपणच देऊ. गेले दोन महिने भावाने बहिणीला स्वतःच्या खिशातून २५०० दिले आणि "हप्ता आला" असं सांगितलं. परवा ती म्हणाली, "दादा, पासबुक भरून आण आणि मला वाचून दाखव." ते विचारतात: एजंटाला पैसे देऊन मोकळं व्हावं, की योजनेचा नाद सोडून आपणच दर महिन्याला द्यावेत आणि तिला काही कळू देऊ नये?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुमच्या फेऱ्यांचा हिशेब करत होते. दुसऱ्यांदा वाचताना मात्र पासबुकाच्या त्या वाक्याशी अडखळले. म्हणून सुरुवात तिथूनच करते, कचेरीचं नंतर बघू.

तुम्ही दोन महिने पदरचे पैसे दिलेत, ते तिला काळजी वाटू नये म्हणून. त्यात तुमची माया आहे, याबद्दल मला शंका नाही. पण तिच्या बाजूने बघा. त्या २५०० मधून ती इमारतीतल्या बायकांच्या भिशीचे ५०० भरते आणि आईच्या गोळ्या आणते, असं तुम्हीच लिहिलं आहे. भिशीत ती भावाचे पैसे भरत नाही, स्वतःचे भरते. तिच्या नावावर शासनाकडून येणारी ती रक्कम आहे. तुम्ही तिच्या हातावर नोटा ठेवल्यात, पण त्याबरोबर "माझं काय चाललंय ते मला माहीत आहे" हा तिचा भरवसा नकळत काढून घेतलात. पासबुक वाचून दाखव म्हणाली, त्याअर्थी तिला संशय आलाच आहे. खरं सांगायला अजून वेळ गेलेली नाही, पण पासबुकाची खोटी ओळ एकदा वाचून दाखवलीत की मग जाईल.

मी बाविशीत असताना माझ्या अंध मावशीची बँकेची कामं करायचे. ती नोटा घडीवरून ओळखायची, शंभराची नोट मधोमध एकदा दुमडलेली, पन्नासची दोनदा. पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबर. एकदा काउंटरवरच्या बाईंनी तिच्या डोक्यावरून मला विचारलं, "यांना व्यवहार कळतो का?" मी घाईने म्हणाले, "मी आहे ना!" मावशी तिथे काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "तू 'मी आहे ना' म्हणालीस, तेव्हा मी तिथे नव्हतेच." चाळीस वर्षं संसाराचा हिशेब तोंडी ठेवणारी बाई ती! तुमच्या पत्रात "ती तिथे येऊन काय करणार, रांगेत लोक बघत राहतील" हे वाक्य आलं, तेव्हा मला ती रिक्षा आठवली.

तेव्हा माझं पहिलं सांगणं हे, की आज रात्री खाली जा आणि तिला सगळं सांगा. पाच महिने पैसे आलेले नाहीत, दोन वेळा मी दिले, आता शोधायचं आहे, हे तिघांत बसून बोला. हे शोधायला तुम्हाला तिची गरज आहे. का, ते पुढे येईलच.

आता हप्त्याकडे वळू. तुम्ही लिहिता, "त्यांनी हप्ता बंद केला." मला तसं वाटत नाही. बंद होणं आणि अडकणं यांत फरक आहे, आणि दोन्हींवरचा इलाज वेगळा आहे. बंद झाला असता तर तहसीलच्या संगणकात तिच्या नावापुढे तसं दिसलं असतं, आणि त्याचं काही कारण असतं: हयातीचा दाखला नाही, उत्पन्नाचा दाखला जुना, कागद अपुरे. दिव्यांगांसाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे आणि दिव्यांगत्व किमान ४० टक्के लागतं. बहीण दोन्हींत बसते. हयातीचा दाखला दिल्याचं तुम्ही म्हणता. आणि तहसीलवाले तर "पैसे गेले" म्हणताहेत. मला वाटतं, ते खरं बोलत आहेत. बँकवालेही खरं बोलत आहेत.

दोघंही खरे कसे? पूर्वी तहसील कार्यालय बँकेला यादी पाठवायचं आणि बँक खाते क्रमांक बघून पैसे जमा करायची. २०२४ च्या अखेरीपासून या योजनेचे पैसे डीबीटीने, म्हणजे थेट आधारवरून येऊ लागले. आता पैसा निघताना खाते क्रमांक बघितला जात नाही, आधार क्रमांक बघितला जातो. तो आधार कोणत्या बँकेशी जोडलेला आहे, याची देशभराची एक नोंदवही नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे असते. तुमचं आधार चार बँकांत दिलेलं असू शकतं, पण या वहीत एका आधारपुढे एकाच बँकेचं नाव असतं, सगळ्यात शेवटी जोडलेल्या बँकेचं. सरकारचा पैसा तिथे जातो. बँकेतला क्लार्क "आधार लिंक आहे" म्हणतो, तो बहुतेक वेळा केवायसीपुरतं बोलत असतो. या वहीतल्या नोंदीला 'सीडिंग' म्हणतात. लिंक असून सीडिंग नसणं, किंवा सीडिंग भलत्याच बँकेत असणं, ही हप्ते हरवण्याची आजची सगळ्यात नेहमीची कारणं आहेत.

आणि तुमच्या पत्रात शेवटी, जाता जाता, एक ओळ आहे: "दिवाळीत चौकात शिबिर लागलं होतं, तिथे बहिणीचं झीरो बॅलन्सचं खातं उघडून घेतलं, विमा मिळतो म्हणाले." दादा, माझं बोट त्या ओळीवर आहे. वाढीव हप्ता एकदा आला तो दिवाळीच्या सुमारास, आणि पुढचे सगळे गायब. असं खातं उघडताना फॉर्मवर एक चौकट असते, 'सरकारी अनुदान याच खात्यात घेण्यास संमती'. शिबिरातला मुलगा ती चौकट टिक करतो, विचारत नाही. बहिणीने अंगठा ठेवला किंवा सही केली असेल, तिला ती चौकट दिसलीही नसेल. माझा अंदाज खरा असेल, तर तिचे १२,५०० रुपये कुठे गेलेले नाहीत. त्या दुसऱ्या बँकेत तिच्याच नावावर पडून आहेत.

अंदाज चुकूही शकतो, म्हणून आधी ताळा करा. आधारच्या 'माय आधार' संकेतस्थळावर आत गेलं की 'बँक सीडिंग स्टेटस' दिसतं: बँकेचं नाव, नोंद चालू आहे की बंद, आणि कधी झाली ती तारीख. दोन मिनिटांचं काम. पण त्यासाठी ओटीपी लागतो, तो दहा मिनिटांत बाद होतो, आणि तो येतो तुमच्या फोनवर, जो त्या वेळी चाकणच्या लॉकरमध्ये असतो. पाच महिन्यांच्या गाठीचं टोक इथे आहे. बहिणीचं आधार, तिचं बँक खातं, तिचं दिव्यांग कार्ड, तिन्हींना नंबर तुमचा. तुम्ही ते सोयीसाठी केलंत. तिच्याकडे तेव्हा साधा फोन होता, हेही लिहिलंत. पण आज तिच्याकडे स्मार्टफोन आहे, टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, ती निरोप ऐकते, वातींच्या ऑर्डरी घेते. ओटीपीचे सहा आकडे तिला ऐकू येतील.

म्हणून पहिल्या गुरुवारी दोघं आधार केंद्रावर जा आणि तिच्या आधारला तिचा स्वतःचा नंबर जोडा. कागद लागत नाहीत, ती स्वतः हवी. शुल्क ७५ रुपये, पावती घ्या. नंबर लागू व्हायला थोडे दिवस जातात, तोवर पुढची कामं थांबवू नका. सीडिंगची चौकशी तुमच्या सुट्टीच्या दिवशी, तिच्या शेजारी बसून, तुमच्या फोनवरही होईल. मग बँकेत जाऊन तिथलाही नंबर बदला.

इथे एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असावी. कॅप्चाची वेडीवाकडी अक्षरं टॉकबॅक वाचू शकत नाही, कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायला सांगणारी केवायसी दृष्टिहीन माणसाला जमत नाही, आणि त्याला "तुम्हाला ऑनलाइन जमत नाही" असं ऐकवलं जातं. दोष माणसाचा नाही, बांधणीचा आहे. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ ला निकाल दिला, की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि केवायसीसाठी डोळ्यांची उघडझाप हा एकच मार्ग ठेवू नका. बँकेत कुणी तिला "व्हिडिओ केवायसी जमत नाही तर आम्ही काय करणार" म्हणालं, तर हा निकाल सांगा. तिने सांगितला तर अधिक बरं.

आता समजा नोंद त्या शिबिरातल्या बँकेची निघाली. घाबरून ते खातं लगेच बंद करायला जाऊ नका. आधी त्या बँकेच्या शाखेत किंवा ग्राहक सेवा केंद्रात बहीण आधार घेऊन जाऊ दे, शिल्लक विचारू दे, जमा नोंदींचा उतारा मागू दे. पैसे असतील तर तिनेच काढावेत, किंवा जुन्या खात्यात वळवावेत. मग निवड तिची: हप्ता यापुढे नव्या खात्यातच येऊ द्यायचा, की जुन्यात आणायचा? नव्याची सोय अशी, की काही बदलावं लागणार नाही. पण जुन्या शाखेत ती पायी जाते, कॅशियर रक्कम मोठ्याने मोजून देतो, हे तुम्हीच लिहिलं आहे. मी तिच्या जागी असते तर जुनं खातं धरलं असतं. त्यासाठी जुन्या बँकेत 'आधार सीडिंग संमती' चा फॉर्म भरायचा, त्यात सध्याची नोंद कोणत्या बँकेची आहे ते लिहायचं, आणि शिक्का मारलेली पोच घ्यायची. काही दिवसांनी स्टेटस पुन्हा बघायचं. क्लार्क "झालं" म्हणाला म्हणून झालं असं धरू नका. स्क्रीनवर बँकेचं नाव बदललेलं दिसायला हवं.

आणि नोंद जुन्याच बँकेची निघाली तर? मग खातं चालू आहे का ते विचारा. दोन वर्षं खातेदाराकडून व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं, केवायसीची मुदत संपली तर गोठतं, आणि पैसे आल्या पावली परत जाऊ शकतात. बहीण दर महिन्याला पैसे काढत होती, त्यामुळे पहिलं कारण नसावं, केवायसीचं असू शकतं. निष्क्रिय खातं पुन्हा चालू करायला बँकेने पैसे घ्यायचे नाहीत, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. परत गेलेले हप्ते आपोआप पुन्हा येतील अशी वाट बघत बसू नका. दुरुस्ती झाली की तहसीलात लेखी अर्ज द्या, कोणकोणत्या महिन्यांचे हप्ते मिळाले नाहीत ते महिन्यांच्या नावांसह लिहा, आणि पासबुकाची झेरॉक्स जोडा.

तहसील म्हणजे कोणतं, हेही नीट ठरवा. तुम्ही एकदा पुणे शहरच्या कचेरीत आणि एकदा हवेलीच्या कचेरीत गेलात असं दिसतं. धायरीचा उरलेला भाग २०१७ मध्ये महापालिकेत घेतलेल्या अकरा गावांमध्ये आला, घरपट्टी महापालिकेची झाली, पण महसुली नोंदीत धायरी हवेलीत. असा घोळ आंबेगाव, उंड्री, शिवणे, सगळीकडे होतो, आणि माणसं चुकीच्या टेबलासमोर तासभर उभी राहतात. बहिणीचा मंजुरीचा कागद शोधा. ज्या तहसीलदारांची सही त्यावर आहे, तेच तिचं कार्यालय.

तिथे जाताना तोंडी विचारायला जाऊ नका, अर्ज घेऊन जा. साध्या कागदावर, दोन प्रतींत, बहिणीच्या सहीने. त्यात तीनच प्रश्न असू देत: माझे कोणत्या महिन्यांचे हप्ते पाठवले? ते आधारवरून कोणत्या बँकेत गेले आणि यशस्वी झाले की परत आले? माझ्या नोंदीत काही त्रुटी दाखवते का? सोबत आधार, पासबुकाचं पहिलं पान, युडीआयडी कार्ड (म्हणजे तिचं दिव्यांग ओळखपत्र) आणि हयातीच्या दाखल्याची प्रत. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. "शिक्का कशाला, बघतो ना आम्ही" असं कुणी म्हणालं, तरी शांतपणे शिक्का घ्या. पाच महिन्यांत तुम्ही सात फेऱ्या मारल्यात आणि हातात एकही कागद नाही, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. आता आठवी फेरी अशी होऊ देऊ नका. सुट्टी गुरुवारी आहे, हे एका परीने बरंच. शनिवार-रविवार सुट्टी असणाऱ्यांना सरकारी कचेरीसाठी खाडाच करावा लागतो.

युडीआयडीचं विशेष सांगते, कारण हा प्रश्न इतर कितीतरी वाचकांनी विचारला आहे. शेजाऱ्याला २५०० येतात आणि आम्हाला १५०० च, असं का? वाढ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाली ती दिव्यांग लाभार्थ्यांना. पण योजनेत विधवा, परित्यक्ता, गंभीर आजारी असे इतरही लाभार्थी आहेत. तुमची नोंद दिव्यांग म्हणून चढलेली नसेल, किंवा अर्ज जुन्या कागदी प्रमाणपत्रावर झाला असेल आणि युडीआयडी क्रमांक पोर्टलवर नसेल, तर १५०० वरच गाडी थांबू शकते. कार्ड तहसीलात दाखवून नोंद करून घ्या. कार्ड नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करता येतो. पुण्यात ससूनमध्ये आणि औंधच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. ४० ते ८० टक्क्यांच्या आतलं कार्ड पिवळं, ८० किंवा त्याहून जास्त असेल तर निळं. ज्यांचं प्रमाणपत्र तात्पुरतं आहे, त्यांनी मुदतीची तारीख आजच बघून ठेवावी. ती उलटून गेल्यावर कळणं फार महागात पडतं.

मुलांचे आईवडीलही लिहितात. मुलगा अठराचा झाला आणि पैसे थांबले. बहुतेक वेळा यामागे दोन गोष्टी असतात. पालक चालवत असलेलं अल्पवयीन मुलाचं खातं अठरा पूर्ण होताच बँक थांबवते, नव्याने केवायसी आणि सही मागते. आणि पंधराव्या वर्षी आधारचे बोटांचे ठसे नव्याने द्यायचे असतात, ते राहून गेलेले असतात. मुलाला बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असेल आणि तो व्यवहार करू शकत नसेल, तर अठरानंतर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून पालकत्वाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, त्यावर बँक खातं चालवू देते. सतराव्या वर्षीच चौकशी सुरू करा. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी आधारची घरी येऊन नोंदणी होते, आणि बँकांनी दिव्यांगांना दारात सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने २०१७ पासून सांगितलेलं आहे. मागितल्याशिवाय ती क्वचितच मिळते, म्हणून लेखी मागा.

आता तो एजंट. तीन हजारांत तो करणार काय? सीडिंग बघणार, फॉर्म भरणार, कचेरीत एक फेरी मारणार. वर लिहिलेलं सगळं ७५ रुपये आणि झेरॉक्सच्या खर्चात होतं. पण पैशांपेक्षा मला दुसरी भीती वाटते. त्याला त्यासाठी बहिणीचं आधार लागेल, ओटीपी लागेल, कदाचित "मशीनवर बोट ठेव ताई" म्हणेल. त्याच बोटावर आधार-बँकिंगमध्ये पैसे निघतात. ज्या बाईला मशीनवरचा आकडा नीट दिसत नाही, तिचं बोट परक्याच्या मशीनवर ठेवायचं नाही, एवढं ठरवून टाका. तिचे ठसे आधारच्या ॲपमधून लॉक करता येतात, गरजेपुरते उघडता येतात, तेही एकदा बसून शिका. त्याला आधीच ओटीपी दिला असेल आणि काही पैसे गेल्याचं दिसलं, तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर फोन करा.

रीतसर मार्गाने तरीही हललं नाही तर? बँक ३० दिवसांत उत्तर देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फुकट, माहितीसाठी १४४४८. तहसीलकडून उत्तर नसेल तर तेच तीन प्रश्न माहिती अधिकारात टाका. दहा रुपयांचं शुल्क, ३० दिवसांची मुदत. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याचा दिवस, असतो. आणि राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आपल्या पुण्यातच आहे, चर्च रोडला. गडचिरोलीच्या माणसाला जिथे दोन दिवस काढून यावं लागतं, तिथे तुम्ही स्वारगेटहून रिक्षाने जाऊ शकता. पण मला वाटतं, तिथवर जायची वेळ येणार नाही.

राहिला तुमच्या पत्नीचा मुद्दा. तो मी उडवून लावणार नाही. खाड्याचे पैसे कापले जातात, घर चालवायचं असतं, त्या बरोबर बोलत आहेत. पण "तेवढे आपणच देऊ" याचा दुसरा अर्थ असा, की बहिणीची नोंद योजनेतून हळूहळू पुसली जाईल, आणि उद्या तुमची नोकरी गेली तर नव्याने पहिल्या पायरीपासून सुरुवात. शिवाय हे दान नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये सामाजिक सुरक्षा आहे, आणि तिथे असंही लिहिलं आहे की दिव्यांगांना मिळणारी मदत तशाच इतर योजनांपेक्षा निदान २५ टक्क्यांनी जास्त असावी. त्याच कायद्याचं कलम १३ म्हणतं, की स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा हक्क दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकाच आहे. तुम्ही मदतीला असावं, पुढे ती असावी. रांगेत लोक बघतील, बघू देत. अर्ज तिने द्यावा, प्रश्न तिने विचारावेत, क्लार्क तुमच्याकडे बघून उत्तर देऊ लागला तर तुम्ही बहिणीकडे बघा. त्याची नजर आपोआप तिकडे वळते, मी हे मावशीबरोबर कितीदा पाहिलं आहे.

पासबुक मात्र आजच भरून आणा आणि तिला वाचून दाखवा. गेल्या पाच महिन्यांत तिथे काहीही जमा नाही, तर तसंच वाचा.

आणि एक. अडकलेले पैसे मिळाले की त्यातून तुमचे ५००० गुपचूप वळते करून घेऊ नका, आणि "राहू दे गं" म्हणून विषयही संपवू नका. सगळी रक्कम तिच्या हातात द्या. दोन महिने भावाने दिलेलं होतं, हे तिला तोवर माहीत असेल. तिने स्वतःहून परत द्यायला काढले, तर घ्या.